शुगर आपल्या घराण्यातच आहे, मग काय करायचं?



आमच्या अचलपूरच्या घरी रोज चहाची दोन पातेली चढतात. एक साखरेचं, एक बिनसाखरेचं. बिनसाखरेचा चहा बाबांचा. त्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. आजोबांना साठीनंतर कळली होती. आणि मागच्या वर्षी मी सहज तपासणी केली, तर माझी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. माझं वय ३४, वजन ४७ किलो!

"मी तर काडीसारखी, मला कशी शुगर?" मी रडकुंडीला आले. बाबा शांतपणे म्हणाले, "पोरी, आपल्या घराण्यातच हाय ते. त्याले कोण काय करन?"

तुमच्याही घरी असंच म्हणतात ना? मी काही डॉक्टर नाही, पण शिक्षिका आहे. प्रश्न पडला की वाचत बसते.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातल्या काही बदलांमुळे मधुमेहाचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवलं. पाठोपाठ हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याचं केईएम रुग्णालय इथल्या संशोधकांना भारतीयांतही तेच आढळलं. पण धोका वाढणं म्हणजे आजार होणारच असं नाही. ते जनुक असूनही अनेकांना मधुमेह होत नाही.

आता साधं गणित करा. तीन पिढ्यांत घराण्याची जनुकं फारशी बदलत नाहीत. मग आजार साठीवरून चौतिशीवर कसा आला? आजोबांच्या काळी तपासणी कमी होती, हे मान्य. पण तेवढ्यानं उत्तर पूर्ण होत नाही.

उरलेलं उत्तर मला पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडलं. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून! बऱ्याच आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला जास्त विरोध दिसला.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी स्वतःची तुलना जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरमित्राशी केली. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखं, बीएमआय २२.३. पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही.

हे वाचून मी आईला विचारलं, "मी पोटात असताना तू काय खात होतीस?"

आई हसली. "कापूस वेचाले जात होती मी. सगळे जेवले की उरलं ते खायचं. दूध कुठचं? चहालेच पुरत नव्हतं."

माझं जन्माचं वजन तिला आठवत नाही. "लहानशीच होती तू," एवढंच म्हणाली. माझ्या शुगरचं नेमकं कारण यावरून सांगता येणार नाही. पण घराण्यातून फक्त जनुकं येत नाहीत, आईचं ताटही येतं, हे मला कळलं.

मित्रांनो, जनुकं बदलणं आपल्या हातात नाही. ताट आणि पाय आहेत. मी रोज पाऊण तास चालते, भात कमी केला, डाळ-उसळ वाढवली. तुमच्या घराण्यात शुगर असेल, तर बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. तिशीनंतर तपासणी करून घ्या.

आणि हो, आमची वहिनी सध्या सहाव्या महिन्यात आहे. आमच्या घरी आता पहिलं ताट तिचं वाढलं जातं, सोबत वाटीभर दही. ते वाढतात कोण माहीत आहे? बाबा.