भरड्या आवाजाची पाहुणी

'रुकावट के लिए खेद है.' ही पाटी ज्यांनी पाहिलीच नाही, त्यांना ऐंशीच्या दशकातलं टीव्ही बघणं कसं समजावून सांगावं हा प्रश्नच आहे. ऐन रंगात आलेलं गाणं तुटायचं, पडद्यावर ती पाटी यायची आणि आम्ही सगळे पाटीकडेच बघत बसायचो. उठून जायचं नाही, कारण उठलं की जागा गेली!

माझ्या भाच्यांना यात गंमत वाटते. त्यांच्याकडे तुटलेलं गाणं पुन्हा लावता येतं. आमच्याकडे गेलं ते गेलं. म्हणूनच बहुधा त्या काळातल्या टीव्हीवरच्या पाहुण्या गायकांबद्दल मला एवढं वाटतं. नायक-नायिका सिनेमात भेटायचे, बातम्या वाचणाऱ्या बायका रोज भेटायच्या. पाहुणा गायक मात्र वर्षातून एकदा, चार मिनिटांसाठी यायचा. त्या चार मिनिटांत त्याला जे काय करायचं ते करून निघून जायचं.

हल्ली रात्री झोप येत नाही तेव्हा मी जुन्या अमेरिकन कार्यक्रमांच्या क्लिप्स बघते. एड सुलिव्हन नावाच्या गृहस्थांचा दर रविवारचा कार्यक्रम होता, १९४८ ते १९७१. त्यात कसरतवाले, नकलाकार, बाहुल्यांचे खेळ, आणि मध्येच एखादा गायक. आपल्या जत्रेसारखंच सगळं. सॅम कुक हा पाद्र्याचा मुलगा, आधी चर्चमधली गाणी गाणारा. ज्याला ते लोक 'सोल' म्हणतात त्या गाण्याच्या अगदी मुळाशी बसलेला माणूस. ३ नोव्हेंबर १९५७ ला त्याला सुलिव्हनच्या कार्यक्रमात बोलावलं. कार्यक्रम लांबला होता, त्याची पाळी सगळ्यात शेवटी. तो गायला लागला आणि वेळ संपली म्हणून प्रक्षेपण मधेच बंद! लोकांनी एवढा आरडाओरडा केला की १ डिसेंबरला त्याला परत बोलवावं लागलं. त्याच सुमारास नॅट किंग कोलचा स्वतःचा कार्यक्रम वर्षभर चालून बंद पडला. काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला देशपातळीवर जाहिरातदार मिळेना. म्हणजे काळा गायक पाहुणा म्हणून चालत होता, यजमान म्हणून नाही. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

कारण आमच्या घरातही एक पाहुणी होती, आयुष्यभराची.

आत्याबाई. घरच्या मंडळींना माहीतच आहे, इतरांसाठी सांगते. दारव्ह्याकडे दिलेली, चार वर्षांत एक ट्रंक घेऊन बाभुळगावला परत आली. का आली हे मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत. बाबांनी तिला कधी काही कमी केलं नाही, आईनंही नाही. पण ती स्वतःच पाहुण्यासारखी राहायची. शेवटी जेवायची, पंख्याखाली कधी बसायची नाही, आणि बोलायची ते अगदी हळू.

हळू बोलण्याला दुसरंही कारण होतं. तिचा आवाज. जाड, खालच्या पट्टीतला, भरडा. दारामागून बोलली तर नवा माणूस तिला बाप्याच समजायचा. भुलाबाईच्या गाण्यांना सगळ्या पोरी-बायका अंगणात जमल्या की तीही यायची, पण तिनं तोंड उघडलं की कोणीतरी म्हणणारच, "हळू म्हण वं, भुलोजीच गाते असं वाटते!" सगळ्या हसायच्या, तीही हसायची. बायकांचं भजनी मंडळ होतं, तिथे तिच्या हाती टाळ दिले होते. गाणं दुसऱ्यांनी म्हणायचं, हिनं टाळ वाजवायचे. तालाची इतकी पक्की होती की टाळ काढून घेणंही कोणाला परवडलं नसतं.

१९८४ साली दूरदर्शनचे ट्रान्समीटर जवळजवळ रोज एक या वेगानं देशभर उभे राहत होते. आमच्या भागातही चित्र दिसायला लागलं. शेजारच्या काकांना कापसाचा चुकारा मिळाला आणि त्यांच्याकडे टीव्ही आला. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. गच्चीवर ॲन्टेना, आणि गच्चीवर एक पोरगा कायम तैनात. "दिसते का?" "मुंग्या हायेत!" "आता?" "थांब थांब, तसाच ठेव!"

एकतीस डिसेंबरला दिल्लीहून खास कार्यक्रम असायचा. नकला, नाच, गझल, विनोद, सगळ्याची मिसळ. वेचणीचे दिवस, बायका दिवसभर पऱ्हाटीत वाकून दमलेल्या, तरी काकांची ओसरी भरलेली. आत्याबाई नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीला टेकून, अर्धी आत अर्धी बाहेर.

आणि उषा उथुप आली. काठापदराची साडी, केसात फुलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आमच्या काकूंसारखीच दिसत होती म्हणा ना! आम्हाला वाटलं आता भजन म्हणेल. तिनं माईक हातात घेतला आणि तो आवाज निघाला. जाड, खालचा, छातीतून येणारा. गाणं इंग्रजी होतं, ओसरीवर कोणालाही एक शब्द कळला नाही. काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अवं माय, हे बाईच हाय का?"

मी मागे वळून पाहिलं. आत्याबाई चौकट सोडून आत आली होती. उभीच होती. गाणं संपेपर्यंत मधे रुकावट आली नाही, हे त्या रात्रीचं नशीब. घरी जाताना अंधारात ती मला एवढंच म्हणाली, "पाह्यलं का वं? माह्यावानीच गाते."

उषा उथुपबद्दल मला जे कळलं ते फार नंतर. जन्म १९४७ चा, मुंबईचा. तमिळ घर, वडील पोलीस खात्यात, वाढली भायखळ्याला. शाळेत असताना गाण्याच्या वर्गातून तिला काढलं होतं, कारण असला आवाज त्या वर्गात बसत नव्हता. पण मुलीत संगीत आहे हे बाईंना कळत होतं, म्हणून त्या तिच्या हाती वाजवायला टाळ्यांची लाकडं किंवा त्रिकोण द्यायच्या. हे वाचलं आणि मला आमच्या भजनी मंडळातले टाळच आठवले. भायखळा काय आणि बाभुळगाव काय!

पुढे १९६९ च्या सुमारास मद्रासच्या एका नाइटक्लबमध्ये साडी नेसून गायली, मग कलकत्त्याला पार्क स्ट्रीटवर 'ट्रिंकाज'मध्ये. नाइटक्लबची गायिका म्हणजे लोकांच्या डोळ्यासमोर जे यायचं, ते हिनं कांजीवरम नेसून पार मोडून टाकलं. माझ्या मते तिचं अर्धं गाणं त्या साडीतच आहे. तीच बाई झगमगीत गाऊन घालून आली असती तर काकांची ओसरी 'शहरातलं थेर' म्हणून मोकळी झाली असती. ती आमच्यातलीच दिसत होती, म्हणून त्या आवाजाला दुसरीकडे ढकलून देता येईना.

आणि तिचंही सगळं सुरळीत नव्हतं बरं का. १९८३ साली पश्चिम बंगालचे मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी तिचं गाणं म्हणजे अपसंस्कृती असं ठरवून सरकारी सभागृहं तिला बंद केली. ती कोर्टात गेली आणि जिंकली. म्हणजे आम्ही तिला सरकारी टीव्हीवर पाहिलं त्याच्या थोडंच आधी एक सरकार तिला दार लावून बसलं होतं. पुढे २०११ मध्ये पद्मश्री आणि २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं. तिला 'सोल' गायिका म्हणावं का यावर जाणकार वाद घालतील. पॉप, जॅझ, डिस्को, सगळंच तिनं गायलं आहे. मला त्या वादात पडायचं नाही. सॅम कुकची ती तुटलेली क्लिप आणि उषाबाईंचं गाणं एकामागोमाग ऐका, मग बोलू.

तर आत्याबाई. त्या रात्रीनंतर ती एकदम बदलली वगैरे काही नाही. असं सिनेमात होतं. शेवटी जेवणं सुरूच राहिलं. पण पुढच्या एकादशीला भजनात तिनं टाळ वाजवता वाजवता ध्रुवपद उचललं, आणि एकीनं डोळे मोठे केले तरी सोडलं नाही. एक-दोघी महिनाभर रुसल्या. एकीनं आईकडे येऊन तक्रारही केली, की तुमच्या नणदेला सांगा जरा. आई म्हणाली, "मी कायले सांगू? टीव्हीवरच्या बाईले कोणी सांगतलं का?" आईचं हे वाक्य आमच्या घरात अजून वापरात आहे.

ताईच्या हळदीला, १९९१ साली, आत्याबाईनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मांडवाच्या पार त्या टोकाला आचाऱ्यापर्यंत ऐकू गेल्या, विनामाईक. तेव्हा चुलतभावानं नवा टेपरेकॉर्डर आणला होता. त्यानं हिंदी गाण्यांच्या एका कॅसेटची दुसरी बाजू पुसून त्यावर रेकॉर्डिंग केलं. आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेट मात्र ट्रंकेत होती, तिच्याच. गेल्या दिवाळीत यवतमाळच्या एका दुकानात देऊन ती मोबाइलवर ऐकता येईल अशी करून आणली. एकूण अकरा मिनिटं. सुरुवातीला भांड्यांचा आवाज आहे, मग कोणीतरी पोरांवर ओरडतंय, मग ती सुरू होते. शेवटची ओवी अर्धवटच आहे, टेप संपली म्हणून. त्यानंतर ती कितीतरी वेळ गात होती हे तिथे असलेल्या सगळ्यांना आठवतं.

घरच्यांपैकी ज्यांना हवी असेल त्यांनी कळवा, पाठवते. ऐकताना आवाज थोडा कमीच ठेवा, पहिल्या ओळीला दचकायला होतं.