अननोन आर्टिस्ट

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, कॅसेटसंग्रह म्हणजे लोखंडी कपाटातला एक कप्पा, एवढंच. पण त्यातल्या प्रत्येक कॅसेटच्या कागदावर त्यांच्या बारीक अक्षरातली गाण्यांची यादी असे आणि प्रत्येक गाण्यापुढे तीन नावं असत: गीत, संगीत, स्वर. ही सवय त्यांना रेडिओनं लावली होती. आमच्या कोल्हापुरात आकाशवाणीचं सांगली केंद्र स्पष्ट ऐकू येई. निवेदिका गाण्याआधी किंवा नंतर ही तिन्ही नावं सांगे आणि अण्णा हातातलं काम थांबवून ती लिहून घेत. ते पोस्टात होते. पत्त्याशिवाय पत्र टाकू नये आणि नावाशिवाय गाणं ठेवू नये, असं त्यांचं सरळ म्हणणं.

त्यातल्या बऱ्याच कॅसेट विकतच्या नव्हत्याच. राजारामपुरीत गाणी भरून देणारं एक दुकान होतं. आपण यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि आठवड्यानं जायचं. दुकानदार एलपीवरून एकेक गाणं उतरवून देई. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सात-आठ गाणी बसत. याला कुणी चोरी म्हणाल्याचं मला आठवत नाही. ‘गाणी भरून आणली’ असंच सगळे म्हणत. पुढं ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजनं स्वस्त कॅसेटींनी बाजार भरून टाकला. जुन्या गाण्याला नवा आवाज लावून काढलेल्या ‘कव्हर व्हर्जन’ना तेव्हाच्या कायद्यातही वाट होती. अण्णा अशा कॅसेटवर मूळ गायकाचं नाव कंसात लिहीत. कॅसेटवाले लिहोत न लिहोत, आपण लिहायचं.

कॉम्प्युटर आमच्या घरी २००१ मध्ये आला. असेंबल केलेला, पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, २० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ९८. सगळी जोडणी झाल्यावर दुकानाच्या पोरानं विचारलं, “काका, गाणी टाकून देऊ?” तेव्हाचा हा रिवाजच होता. मशीन घेतली की त्यासोबत गाण्यांचं एक फोल्डर आणि चार गेम फुकट मिळत. गाणी वाजवणारं विनअँप सुरू झालं, स्पीकरमधून आवाज आला आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अण्णांनी चष्मा लावून पडदा वाचला. बहुतेक ओळींवर इंग्रजीत लिहिलेलं होतं: ‘अननोन आर्टिस्ट’. ते म्हणाले, “कोण रे हा? बराच गातोय. बाई होऊन पण गातोय.”

आम्ही हसलो. पण त्यांचा प्रश्न गमतीचा नव्हता, हे मला पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गेल्यावर उमगत गेलं.

होस्टेलवर आम्ही वर्गणी काढून एक हब आणला आणि खोल्याखोल्यांतून केबल फिरवली. डेस्कटॉपवरचं ‘नेटवर्क नेबरहुड’ उघडलं की साऱ्या मजल्याची फोल्डरं दिसत. ‘स्टडी’ नावाचं फोल्डर बहुतेकांकडे रिकामं आणि ‘साँग्ज’ ओसंडून वाहणारं. इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण करून देणारं नॅपस्टर १९९९ मध्ये निघालं आणि २००१ मध्ये कोर्टाच्या दणक्यानं बंद पडलं, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्याची जागा काझा आणि लाइमवायरनं घेतली होती. पण मोडेमवरून गाणं उतरवणं म्हणजे दिव्य. चार एमबीच्या गाण्याला लाइन चांगली असली तरी पंधरा मिनिटं लागत, घरचा फोन तेवढा वेळ अडकून पडे आणि मीटर चालू राही. म्हणून खरी देवाणघेवाण केबलवरून आणि सीडीवरून व्हायची. ७०० एमबीच्या एका सीडीत दीडशे गाणी बसत. दिवाळीला घरी जाताना प्रत्येकाच्या बॅगेत फराळाचे रिकामे डबे आणि राइट केलेल्या सीड्या असत.

एका सीडीत दीडशे गाणी बसवायची ही किमया एमपीथ्रीची. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाच्या आवाजाला सुमारे दहा एमबी जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही किंवा मोठ्या आवाजाखाली दडपलं जातं, ते गाळून टाकायची रीत बसवली आणि तेच मिनिट एका एमबीत आलं. त्या फायलींना ‘एमपीथ्री’ हे शेपूट १९९५ मध्ये लागलं. आमच्या पिढीचं सगळं ऐकणं या गाळलेल्या आवाजावर झालं आणि आमचं काही बिघडलं नाही. कानाला न लागणारे स्वर गळाले, त्याची मला तक्रार नाही. नावं गळाली, त्याची आहे.

होस्टेलवर गाण्यांच्या बरोबरीनं, कदाचित जास्तच, फिरायचे ते पु. ल. देशपांडे. ‘रावसाहेब’, ‘अंतू बर्वा’, ‘म्हैस’, ‘हरितात्या’ ही नावं रोमन लिपीत, हव्या त्या स्पेलिंगनं, प्रत्येक मशीनवर होती. पुलं २००० च्या जूनमध्ये गेले आणि त्यानंतरच्या वर्षांत ते आमच्या मजल्यावर रोज रात्री बोलत होते. ज्यांनी त्यांचं एक पान वाचलेलं नव्हतं, अशी मुलं ‘म्हैस’मधली वाक्यं जेवणाच्या रांगेत एकमेकांवर टाकत. अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाला मी हाच संच सीडीवर पाठवला आणि तिथं तो किती घरांत गेला, याला गणती नाही. ही सगळी पसरण फुकटच्या नकलेतून झाली, हे मान्य करायलाच हवं.

एका सुट्टीत मी घरी ‘पुलं’ लिहिलेली सीडी नेली आणि रात्री जेवणानंतर लावली. ‘धिंड’ नावाची फाइल सुरू झाली. दुसऱ्या वाक्याला अण्णांनी हात वर केला. “थांब. हे पुलं नव्हेत. हे शंकर पाटील. आपल्या पट्टणकोडोलीचे.” मी म्हणालो, फायलीवर तर पुलं लिहिलंय. “कुणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणीतरी कुठंतरी टंकलं होतं आणि मजलेच्या मजले त्यावर विसंबले होते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी कथाकथन करून हजारोंना हसवलं. फायलींच्या राज्यात मात्र जो मराठीत हसवतो तो पुलं, अशी सरसकट वाटणी झाली होती. पुरुषी आवाजातलं भावगीत असेल तर सुधीर फडके, गझल असेल तर जगजीत सिंग. मोठ्यांच्या नावावर जास्तीचं जमा होत होतं आणि बाकीच्यांचं खातंच बंद पडत होतं.

शिक्षण संपल्यावर नोकरीला लागण्याआधीचा काही काळ मी घरी होतो. तेव्हा अण्णांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. काम सोपं, पण चिकाटीचं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून केबल काढायची आणि सीपीयूच्या मागच्या निळ्या ‘लाइन इन’मध्ये खोचायची. शेजारच्या गुलाबी, माइकच्या भोकात खोचली की आवाज फाटतो. हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. आवाज बसल्यासारखा वाटला तर हेडच्या कडेचा बारीक स्क्रू किंचित फिरवायचा. एका ठिकाणी अचानक टाळ-झांजा स्वच्छ ऐकू येतात, तिथं थांबायचं. मग ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि कॅसेट जेवढी, तेवढा वेळ बसायचं. घाई करायची सोयच नाही. तासाभराच्या कॅसेटची ६०० एमबीची फाइल होते, तिचे तुकडे करायचे आणि मग एमपीथ्री. त्यासाठी ‘लेम’ नावाचा वेगळा एन्कोडर आणून बसवावा लागे, कारण एमपीथ्रीवर पेटंट होती. मूळ परवाना योजना २०१७ मध्ये बंद झाली, तोवर ही उठाठेव होतीच.

सगळ्यांत वेळखाऊ काम मात्र नावं भरण्याचं निघालं. एमपीथ्री फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटची एक पट्टी, म्हणजे ‘टॅग’, असते. नव्वदच्या दशकात कुणीतरी हौसेनं सुचवलेली ही सोय जगभर रूढ झाली. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४. देवनागरी चालत नाही. संगीताचा प्रकार ठरलेल्या यादीतून निवडायचा. तिच्यात पोल्का होता, डेथ मेटल होतं; भावगीत, नाट्यगीत, लावणी यांपैकी काही नव्हतं. आणि कवीला, संगीतकाराला जागाच नव्हती. कलाकार एकच.

मी अण्णांच्या कागदावरून ‘शुक्रतारा’ भरायला घेतलं. कागदावर चार नावं होती: मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, अरुण दाते, सुधा मल्होत्रा. कलाकाराच्या एकुलत्या रकान्यात मी अरुण दाते लिहिले. हिंदीत नाव कमावलेल्या सुधाताईंनी मराठीत गायलेलं ते गाणं. त्यांचं नाव बाहेर. ज्यांनी शब्द लिहिले ते बाहेर, ज्यांनी चाल बांधली तेही बाहेर. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. म्हणाले, “खळे बसत नाहीत अशा डब्याला काय करायचंय?”

‘गीतरामायणा’चंही तसंच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके म्हणजे बाबूजींची चाल, पण गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक असे कितीतरी जण होते. नंतर बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातला संच घरोघर गेला. तो अपूर्वच आहे. पण फायलींतून शिकलेल्या पिढीला मूळ प्रक्षेपणात आणखी कुणी गायलं होतं, याचा पत्ताच नाही.

सुदैवानं टॅगची दुसरी, मोठी आवृत्ती निघाली होती. तिच्यात संगीतकाराला आणि गीतकाराला वेगळे रकाने आहेत आणि देवनागरीही चालते. मी त्या रकान्यांत भरत गेलो. काही कॅसेटींचे कागद विरले होते, तिथं अण्णांची स्मरणशक्ती उपयोगी पडली. पुढं ‘आठवणीतली गाणी’सारख्या संकेतस्थळांवर गीत, संगीत, स्वर नीट वेगळे मांडलेले पाहिले तेव्हा अण्णांना भाऊबंद भेटल्यासारखं झालं.

फुकटच्या नकलांवरून या काळात वाद पुष्कळ झाले. माझा होस्टेलचा एक मित्र म्हणायचा, कंपन्या गब्बर आहेत, एका नकलेनं कुणाचं काय जातं? दुसरा सोलापूरचा. तो म्हणे, जी रेकॉर्ड बाजारातच मिळत नाही ती मी विकत घेऊ कुठून? दुसऱ्याचं म्हणणं मला पटतं. बाजारातून उठलेलं कितीतरी संगीत केवळ हौशी माणसांच्या नकलांमुळे टिकलं. पहिल्याला मी पुलंचंच उदाहरण देत असे. पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांनी आपल्या प्रतिष्ठानातून किती संस्थांना हात दिला! पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं ते त्यांच्या देणगीवर. तिकिटं आणि पुस्तकं विकली गेली म्हणून ते देऊ शकले. फुकट ऐकणाऱ्यानं एवढं तरी आठवावं.

नावाचा आणि पैशाचा संबंध पुढं कायद्यानंच स्पष्ट केला. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू लावून धरली होती. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा आता वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाच्या नावे लिहून देता येत नाही. कायदा चांगला आहे. पण गाण्याच्या नोंदीत खळ्यांचं किंवा पाडगावकरांचं नावच नसेल, किंवा चुकीचं असेल, तर त्यांच्या वारसाचा वाटा काढायचा कशावरून?

आता हार्ड डिस्क कुणी भरत नाही. महिन्याला थोडे पैसे भरले की सगळं फोनवर. मी भरतो आणि आनंदानं ऐकतो. पण दोन गोष्टी मला खटकतात. एक, यादीत ठेवलेलं गाणं एके दिवशी राखाडी होतं आणि वाजत नाही. कुणाचा तरी कुणाशी करार संपलेला असतो. ऐकण्याचे पैसे भरले म्हणजे गाणं आपलं झालं असं नाही. दुसरं, पडद्यावर ठळक दिसतो तो बहुधा गायक. बाकीची नावं तीन ठिपके दाबून आत शोधावी लागतात आणि जुन्या मराठी गाण्यांच्या बाबतीत ती तिथंही अनेकदा नसतात, किंवा कवीच्या जागी कंपनीचं नाव असतं. तीस अक्षरांची अडचण केव्हाच संपली. आता जागा हवी तेवढी आहे, भरणारा नाही.

म्हणून माझं मत सांगतो. जे विकत मिळतं ते विकत घ्यावं. जे मिळत नाही ते जपावं आणि जपणाऱ्याला चोर म्हणू नये. पण दोन्हीकडे नावं मात्र लिहावीत. तुमच्या घरातही कॅसेटींचा एखादा खोका असेल. टेप आहे तोवर, आणि कागदावरचं अक्षर वाचून दाखवणारं माणूस आहे तोवर, तो बाहेर काढा. गाणी फोनवर सापडतीलच. त्या कागदांचे फोटो आधी काढा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गाणं पुढं पाठवाल तेव्हा खाली एक ओळ टाका: गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा. त्याला ना पैसे लागतात, ना परवानगी.