लाहूलांतील एक भिंत

रोहतांगचा घाट ३९७८ मीटर उंच. हिमवृष्टि झाली कीं तो महिनोन्‌महिने बंद पडे आणि पलीकडील लाहूल खोरें जगापासून तुटे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं सुमारें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला व तेथें जाणें सुलभ झालें. गेल्या कार्तिकांत त्याच मार्गानें आम्ही सिस्सू गांवीं उतरलों. दिवसा ऊन लख्ख. सूर्य डोंगराआड जातांच बादलींतील पाण्यावर बर्फाचा पापुद्रा.

रस्त्याकडेला मोरीची काँक्रीटची भिंत ओतण्याचें काम चाललें होतें. आपल्याकडे स्लॅब पडला कीं त्यावर वाफे करून पाणी कोंडतात. घरांतील वडील माणसें सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभीं असतात. वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें काम केलें असेल. सिस्सूस तेंच पाणी वैरी. सिमेंट वाळून कठीण होतें हा लोकभ्रम आहे; पाण्याशीं रासायनिक संयोग होऊन तें कठीण होतें. थंडींत ही क्रिया मंदावते, आणि ती पुरेशी होण्यापूर्वींच पाणी गोठलें तर तें सुमारें ९ टक्के फुगून कोवळें काँक्रीट आंतून फोडतें. पुढें तें कठीण झालेलें दिसलें, तरी गेलेलें बळ परत येत नाहीं.

मुकादम झारखंडचे. पाणी पिंपांत तापवून तें आधीं खडी-वाळूंत घालावयाचें व मग सिमेंट, असा त्यांचा क्रम. कढत पाणी थेट सिमेंटवर पडल्यास तें अवेळीं आळतें. गोठलेल्या भुईवर ते ओतीत नाहींत, कारण ती वितळली कीं खचते. सळ्यांवरचें दंवही पुसून काढलें होतें.

दुपारीं ढग आले. भिंत निम्मी झाली होती. "आजच पुरी करा, नाहींतर काम पुढल्या उन्हाळ्यावर जाईल," म्हणून ठेकेदाराचा माणूस अडून बसला. मुकादमांनीं मध्यें उभी फळी ठोकून काम थांबविलें. मला म्हणाले, "बाबूजी, आतां ओतलेलें रात्रीपूर्वीं धरणार नाहीं."

मग पेंढा, कांबळीं, वर ताडपत्री. आंत शेगडी मात्र त्यांनीं ठेवूं दिली नाहीं. कोंडलेल्या धुरानें ताज्या काँक्रीटचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि राखणदाराचा प्राणही जाऊं शकतो. दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ३५ किलोग्रॅम भार सोसण्याइतकें बळ येईपर्यंत काँक्रीट गोठूं द्यावयाचें नाहीं, एवढीच अट. सिमेंटच्या संयोगांतून उष्णताही निघते. ती पांघरुणाखालीं राखली, तर हें साधतें.

सकाळीं बादलींतलें पाणी दगड झालें होतें. मुकादमांनीं कांबळ्याचें टोक उचलून आंत हात घातला, "ऊब आहे" म्हणाले, आणि पांघरूण पुन्हां दाबून पिंपाखालीं जाळ केला.