पुसद रोडनं आजोळी

वाशिमच्या पुसद नाक्यावर पहाटे पावणेसहाला चहाची एक टपरी तेवढी उघडी होती. मफलर गुंडाळलेले दोन ट्रकवाले स्टोव्हजवळ हात शेकत उभे होते. मी बुटांच्या लेसना दुहेरी गाठ मारली, कमरेच्या पट्ट्यात पाण्याची बाटली आणि गुळाचे खडे नीट बसवले, कपाळावरचा टॉर्च लावला आणि अनसिंगच्या दिशेनं पळायला लागले. अंतर पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे हाफ मॅरेथॉनहून थोडं जास्त. अकोल्याहून आदल्या संध्याकाळीच येऊन मैत्रिणीकडे उतरले होते. बाईमाणसानं अंधारात एकटीनं निघू नये म्हणून उजाडेपर्यंत तिचे यजमान स्कूटीवर मागं राहणार होते. ते काही बोलत नव्हते, मीही नाही. स्कूटीच्या दिव्यात माझी सावली लांबच लांब पुढे पडत होती.

अनसिंग माझं आजोळ. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत आई आम्हा दोघांना घेऊन वाशिमला गाडी बदलायची आणि पुसदच्या एसटीत बसायची. खिडकी दादाची, हे ठरलेलं. आता दादा नाही. मे २०२१ मध्ये तो कोविडनं गेला, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. त्या दिवसांत जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, अंत्ययात्रेला माणसं मोजून घेतली जात होती. मामा-मामींना येता आलं नाही. एरवी आमच्याकडे माहेरची माणसं दुखवटा घेऊन येतात, गळ्यात पडून रडतात, दोन दिवस राहतात. ते काहीच झालं नाही. पुढे मामा अकोल्याला येऊन आईला भेटून गेला, पण मामीचे गुडघे धरलेले, ती आलीच नाही. आणि मी अनसिंगला गेले नव्हते. फोनवर दर वेळी ‘येते’ म्हणायचे. त्या घरात दादाशिवाय पाऊल टाकायचं म्हटलं की अंगातलं बळच जायचं. शेवटी ठरवलं, जायचं तर पळतच जायचं. पळायला मला त्यानंच शिकवलं होतं.

गावाची वस्ती संपली तसा रस्ता चढ-उताराचा झाला. दोन्ही अंगांना हरभरा, मध्येच उभी तूर, कुठे पऱ्हाटी. दव इतकं की रस्त्याच्या कडेचं गवत टॉर्चच्या उजेडात पांढरं दिसत होतं. एका वळणावर समोर काहीतरी मोठं हललं. रोही होता. घोड्याएवढा, निळसर काळा, तूर तोंडात धरून रस्त्याच्या मधोमध उभा. त्याचे डोळे चमकले, दोन ढांगांत तो पलीकडच्या हरभऱ्यात उतरला आणि लगेच त्या शेतातून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज आला, मग एक लांब हाळी. जागलकरी होता तो. पिकात दाणा भरला की या भागातली अर्धी माणसं रात्री शेतात असतात, मचाणावर गोधडी घेऊन. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक झोपवतात. त्यात पाणी द्यायचं तर मोटारीच्या लाईटीची पाळीही बरेचदा रात्रीचीच असते.

थोडं पुढे तो जागलकरी धुऱ्यावरून रस्त्यावर आला. साठीचा माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात बॅटरी.

‘‘काऊन पयता बाई? काई झालं का?’’

‘‘काही नाही हो काका. अनसिंगला चालले, मामाकडे.’’

‘‘मंग बस नाई भेटली?’’

मी सांगितलं की व्यायाम म्हणून पळतेय. आईला साखर आहे, मलाही व्हायला लागली होती, पळायला लागल्यापासून ताब्यात आहे. त्यानं ते नीट ऐकून घेतलं. म्हणाला, ‘‘मले बी हाय शुगर. बीपीची बी गोळी चालू हाय. डॉक्टर म्हणते, चालत जा रोज. आता रातभर मी काय करतो मंग?’’

हा प्रश्न त्याच्या डॉक्टरनं ऐकायला हवा. पळताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात आणि पुढे दिवसभर, कधी दोन दिवस, शरीर इन्सुलिनला जास्त दाद देतं. माझी साखर खाली आली ती त्यामुळे. पण माझ्या पळण्याआधी सात तासांची झोप असते, नंतर नाश्ता असतो, गरम पाण्याची अंघोळ असते. कोपनहेगनचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं यावर काम करत आहेत. फावल्या वेळातला व्यायाम हृदयाला मानवतो, आणि पोटासाठी तासन्‌तास उपसलेले कष्ट तसे मानवत नाहीत, उलट बाधतातही, असं त्यांना दिसलं. कष्टाच्या कामात नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढलेले राहतात, विसावा आपल्या मर्जीनं घेता येत नाही. त्या काकांना आणखी चालायची गरज नाही. त्यांना झोप हवी, शेताला धड कुंपण हवं, मोटारीला दिवसा वीज हवी. गोळीच्या चिठ्ठीवर हे कोणी लिहीत नाही.

उजाडल्यावर मैत्रिणीचे यजमान हात हलवून मागे वळले. मग बराच वेळ मी, रस्ता आणि श्वास. कापूस वेचायला निघालेल्या बायांनी भरलेला एक ऑटो शेजारून गेला. डोक्याला रुमाल, मांडीवर शिदोरी. एकीनं ओरडून विचारलं, ‘‘कोण लागलं मांगं?’’ आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यांच्यातल्या दोघी माझ्याहून वयानं मोठ्या असाव्यात. दिवसभर वाकून वेचायचं आणि संध्याकाळी किलोवर मजुरी.

निम्म्याहून अधिक रस्ता संपला की माझ्या डोक्यात नेहमी दादा येतो. तो २०२० च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळाला होता. घरी आल्यावर पदक आईच्या गळ्यात घातलं आणि मला म्हणाला, पुढच्या वर्षी तू. पुढच्या वर्षी ती शर्यतच झाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. १५ जानेवारी २०२३ ला ती पुन्हा सुरू झाली तेव्हा दादाला जाऊन दीड वर्ष उलटलं होतं.

तो गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी कितीतरी जण एकच वाक्य बोलले : ‘इतका पळायचा, तरी गेला.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते वाक्य मला फार लागलं. जणू दादानं पळून पळून एक हप्ता भरला होता आणि वेळेवर विमा मिळाला नाही. त्याच्याच आजारपणाच्या सुमारास, एप्रिल २०२१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० कोविड रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अजिबात हालचाल न करणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा आणि मृत्यूचा धोका बराच जास्त होता, असं त्यात होतं. मी तो अभ्यास पुन्हा पुन्हा वाचला आहे. तो खराही आहे. पण तो हजारोंबद्दल बोलतो आणि आमच्या घरातून एक गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे स्वीकारायला मला या रस्त्यांनीच मदत केली. दादा मरण टाळायला पळत नव्हता. पहाटे उठून त्याला बरं वाटायचं, आल्यावर तो आईसाठी चहा टाकायचा, ऑफिसात चिडायचा नाही. ती सगळी वर्षं त्याला मिळाली. ती कोणी परत घेऊ शकत नाही.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत, पीटरमारित्सबर्ग आणि डर्बन या शहरांमधली सुमारे नव्वद किलोमीटरची, अशाच कुणाच्या तरी शोकातून सुरू झाली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅपम या सैनिकानं गमावलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती काढली. २४ मे १९२१ ला पहिल्यांदा ३४ जण धावले. वाटेत दरडीत एक कोनाडा आहे. पाच वेळा जिंकलेला आर्थर न्यूटन तिथे विसावा घ्यायचा म्हणतात. आजही धावणारे तिथे फूल ठेवतात, आर्थरला नमस्कार घालतात आणि पुढे निघतात. आपल्याकडचेही पुष्कळ धावपटू दरवर्षी तिथे जातात. दादाच्या कपाटावर त्या शर्यतीच्या रस्त्याचा नकाशा चिकटवलेला होता.

अनसिंग जवळ आलं तशी डांबरावर चुन्याची एक पट्टी दिसली, बाजूला मोठ्या अक्षरात ‘०’. मग शंभरावर खूण, दोनशेवर खूण. मी ओळखलं. आमच्या अकोल्याकडेही गावोगावच्या रस्त्यांवर या खुणा असतात. पोलीस भरतीचं मैदान. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. पाच मिनिटं दहा सेकंदांत किंवा दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आलात तर वीसपैकी वीस गुण. नंतर प्रत्येक टप्प्याला गुण गळतात.

पोरं सकाळीच आटोपून गेली होती. एकटी मुलगी पळत होती, वीस-एकवीस वर्षांची, सलवारीवर टी-शर्ट, पायांत झिजलेले कॅनव्हास. घरचं पाणी भरून, भाकरी टाकून आल्यामुळे तिला रोज उशीर होतो. ८०० च्या पट्टीवर ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि मोबाइल बघून तिचा चेहरा पडला.

‘‘मॅडम, तुम्ही कुठल्या भरतीच्या?’’

‘‘कुठल्याच नाही.’’

‘‘मंग कायले पयता?’’

मी म्हटलं, माझा भाऊ पळायचा. तिनं मान डोलावली, आणखी काही विचारलं नाही. मग म्हणाली, ‘‘माह्या बापाले वाटते म्या भरती व्हावं. तीन मिनिटांच्या खाली येतच नाई.’’ मी तिला पुन्हा एकदा पळायला सांगितलं आणि घड्याळ धरलं. पहिले चारशे ती पंच्याहत्तर सेकंदांत गेली. दुसऱ्या चारशेत तिचे खांदे कानांपाशी गेले, पाय जड झाले. नुसतं पाहूनच कळत होतं, बळ पुरेसं आहे, ते आधीच उधळलं जातंय.

मामाचं घर शृंगी ऋषींच्या देवळाच्या वाटेवर. गावाचं नाव त्या ऋषींवरून पडलं असं इथे सांगतात. रामायणात त्यांच्या पावलांनी अंगदेशात पाऊस आला, आणि लहानपणी आजी ती गोष्ट सांगायची तेव्हा दादा विचारायचा, मग आपल्याकडे दुष्काळ कसा? आजीकडे उत्तर नसायचं.

मामी ओसरीत सोले सोलत बसली होती. मला त्या अवतारात बघून सूप बाजूला सारलं आणि उठायचा प्रयत्न केला. मीच खाली बसले. ती माझ्या घामेजल्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. ‘‘येता नाई आलं वं माय तवा, येता नाई आलं.’’ मीही रडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं, आवाज करून. शेजारच्या दोन बाया आल्या, त्या पदर डोळ्यांना लावून बसल्या. कोणी कुणाला गप्प केलं नाही. मग मामानं गूळ-पाणी आणलं. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या होत्या, सगळ्यांनी त्या सोलत दादाच्या गोष्टी काढल्या. विहिरीत उडी मारली ती, बैल सोडून दिला ती. मला ठाऊक नसलेल्याही दोन निघाल्या.

संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. पण त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येते असा शब्द दिला होता, म्हणून राहिले. सकाळी सहाला मामा मोटारसायकलवर मला पट्टीपर्यंत सोडून गेला. ती आधीच आली होती. त्या दिवशी पाणी तिच्या धाकट्या भावानं भरलं. मी सांगितलं, पहिले चारशे पंच्याऐंशीच्या आत यायचं नाही, कितीही वाटलं तरी. ती ऐकून पळाली. दोन मिनिटं सत्तावन्न. अजून सात सेकंद काढायचे होते, आणि भरतीला काही महिने होते. तिच्या मोबाइलवर मी आठवड्याचा सराव लिहून दिला : कोणत्या दिवशी चारशेचे तुकडे, कोणत्या दिवशी सावकाश लांब, आणि रविवारी पूर्ण आराम. रविवारचं वाचून ती म्हणाली, रविवारी तर वेचणीला जा लागते. मग आम्ही तिथेच उभ्या राहून वेचणीचे दिवस धरून सगळं वेळापत्रक पुन्हा मांडलं.