पाहुणे आणि पंगत

सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारा परगावचा प्रवासी बहुधा आमचे गाव न पाहताच बेळगावची वाट धरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलासाठी येथे धावपट्टी झाली. आज तिच्यावरून उतारूंची विमाने ये-जा करतात. तथापि आपल्या भागातील उत्सवांचा क्रम ज्यास ठाऊक आहे, तो येथे आला म्हणजे सहजासहजी परतत नाही.

वैशाखात बेळगावी शिवजयंतीचे चित्ररथ निघतात व ती मिरवणूक रात्रभर चालते. भाद्रपदात गणेशविसर्जनासाठी शहर जागते. ऑक्टोबरात कित्तूरचा उत्सव येतो. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्माच्या सैन्याने इंग्रजांवर मिळविलेल्या विजयाची ती आठवण होय. माघी पौर्णिमेस सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची यात्रा भरते. आपली ख्रिस्ती कुटुंबे ३ डिसेंबरच्या सणास जुन्या गोव्याकडे वळतात. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली त्याच दिवशी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निवर्तले. कित्येक भाविक घाट उतरून पायी जातात. मराठी, कानडी आणि कोकणी बोलणारी माणसे या उत्सवांत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात, ही या सीमाभागाची मोठीच श्रीमंती आहे.

परंतु वाचकहो, मला आज सांगावयाचे आहे ते निराळेच. गावची लक्ष्मीयात्रा काही ठिकाणी कित्येक वर्षांच्या अंतराने भरते. त्यामुळे लेकी, जावई, व्याही, सोयरे सारेच एकाच वेळी येतात. घराला रंग लागतो, दारात मांडव पडतो, बकरे कापले जाते. आपली ख्रिस्ती कुटुंबेही शेजाऱ्यांच्या पंगतीस जातात आणि गावच्या चर्चच्या सणास त्यांना आपल्या घरी बोलावितात. हा शेजारधर्म मला मनापासून प्रिय आहे.

एका सणानंतर मी एका घरी गेलो. मांडवाचे बांबू अजून दारातच होते. घरधनी म्हणाला, “फादर, पाहुणे गेले, आता फेडणे उरले.” उसने काढून त्याने दोनशे पाने उठविली होती आणि थोरल्या मुलीच्या कॉलेजची फी तशीच राहिली होती. ती मुलगी निमूटपणे भांडी घासत होती. बापाची मान खाली होती. मला त्यास काही बोलवेना. कारण कंजूष म्हणवून घेण्याचे भय काय असते, हे आपल्या गावात कोणास सांगावे लागते?

मार्थेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. पाहुणचाराच्या धांदलीत तिचा जीव मेटाकुटीस आला आणि तिची बहीण मरिया मात्र प्रभूच्या पायाशी बसून त्याचे बोलणे ऐकत राहिली. प्रभूने मार्थेच्या कामास तुच्छ लेखले नाही. तिच्या काळजीचा भार मात्र ओळखला. पाहुण्यास आपल्या सहवासाची भूक असते, ताट हे तिचे निमित्त होय.

म्हणून माझी एक सूचना आहे. एकट्या घराने पंगत आवरती घेतली, तर लोक नावे ठेवतात; साऱ्या गावाने मिळून घेतली, तर तोच रिवाज होतो. सणाच्या दोन महिने आधी वडीलधाऱ्यांनी बसून ठरवावे : एकच वेळचे जेवण, साधे आणि सर्वांच्या घरी सारखे. संध्याकाळी पाहुण्यांस घेऊन गावातून फिरावे, शेत दाखवावे, आजोबांकडून जुन्या गोष्टी ऐकवाव्यात. दुरून आलेल्या मनुष्यास हे कोणत्याही शहरात विकत मिळत नाही.

सणाच्या दुसऱ्या दिवशी घरातील लेक वह्या-पुस्तके घेऊन निर्धास्तपणे कॉलेजला निघाली, तर तो सण खरोखर साजरा झाला असे मी समजेन.