दहावीच्या वर्गातली सुटी टिपणे

निरोप समारंभाला पाहुणे कोण, यावर आमच्या स्टाफरूममध्ये दर जानेवारीत चर्चा होते आणि दरवेळी मुलांना रडवणारेच वक्ते येतात. बापाची झिजलेली चप्पल, आईचे भेगाळलेले हात, ‘त्यांच्या कष्टांचं चीज करा’. मुली हुंदके देतात, मुलगे मान खाली घालून बसतात, वक्त्यांना टाळ्या मिळतात. परीक्षा तोंडावर. नापास झालो तर घरी तोंड कसं दाखवायचं, या विचाराने ज्याची झोप आधीच उडाली आहे, त्याच्या डोक्यावर आणखी एक गाठोडं ठेवून पाहुणे शाल-श्रीफळ घेऊन निघून जातात. यंदा मी सुचवलं : भाषण नको, मागच्या जुलैत पुरवणी परीक्षा देऊन सुटलेल्या एखाद्या मुलाला बोलवा. सूचना कुणी लिहून घेतली नाही.

*

‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून कुणाचं टेन्शन गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उलट आपल्याला ते येतंय म्हणजे आपलंच काहीतरी बिघडलंय, असं मूल धरून बसतं.

*

वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही, नेमकी कशाची भीती वाटते तेवढं लिहायचं. मला वाटलं होतं, भूमितीची प्रमेयं येतील. आलं ते असं : ‘सेंटर दुसऱ्या गावात आलं आणि एसटी चुकली तर?’ ‘लघवीला लागलं तर सोडतात का?’ ‘भरारी पथक आलं की कॉपी नसली तरी हात कापतात.’ ‘शेजारचा पुरवणी मागतो तेव्हा माझं अर्धंच झालेलं असतं.’ आणि एकीवर : ‘पप्पा काहीच बोलत नाहीत.’

ही शेवटची चिठ्ठी सोडली, तर बाकीच्यांना सरळ उत्तरं आहेत आणि ती द्यायला समुपदेशक लागत नाही. आधी एकदा केंद्रावर जाऊन या, सकाळची कुठली गाडी धरायची ते ठरवा. लघवीला सोडतात, हात वर करून पर्यवेक्षकांना सांगायचं. पथक आलं तर लिहीत राहायचं, ते तुमच्यासाठी आलेलं नाही.

*

पूर्वपरीक्षेआधी एक तासिका मी फक्त उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाला देते. बोर्डाच्या पानासारखं पान फळ्यावर आखायचं. बैठक क्रमांक अंकात, मग अक्षरात. इथेच निम्मा वर्ग अडखळतो. क्रमांकातलं इंग्रजी अक्षर कुठे लिहायचं? ‘सत्त्याऐंशी’ला त किती? मग बारकोडचं स्टिकर, सह्या, पुरवणी जोडून दोरा बांधणं. एक मुलगा दोऱ्याची गाठ इतकी आवळायचा की कागद फाटायचा. त्याच्याकडून ती पुन्हा पुन्हा बांधून घेतली. वर्ग हसला, तोही हसला. ‘बाई, पुरवणी मागितली तर वेळ जातो का?’ जातो रे, पण फार नाही, आणि जास्त पुरवण्यांना जास्त गुण नसतात. हे वाक्य मी वर्षभर सांगते. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्यासारखे चेहरे होतात.

*

पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला आधी १० मिनिटं मिळायची. पेपरफुटीच्या धास्तीने २०२३ मध्ये ती सवलत गेली आणि शेवटी १० मिनिटं वाढवून मिळाली. तेव्हापासून ११ वाजता कागद हातात पडतो तेव्हाच घड्याळ सुरू होतं. म्हणून सराव परीक्षेत आम्ही सवय लावतो : पहिली काही मिनिटं पेन खाली, पूर्ण पेपर वाचायचा, येणाऱ्या प्रश्नांवर बारीक खूण. शेवटच्या १० मिनिटांत नवीन उत्तर सुरू करायचं नाही. प्रश्न क्रमांक, उपप्रश्न, पुरवण्यांची संख्या तपासायची.

*

गणिताला घाबरणाऱ्यांसाठी पेपरचं पोट उघडून दाखवावं. एक भाग ४० गुणांचा. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे ८. दुसऱ्या-तिसऱ्यात चौकटी भरायच्या कृती, म्हणजे अर्धं गणित छापलेलंच. ज्या पाचव्या प्रश्नाच्या नावाने मुलं रात्री जागतात, तो अवघ्या ३ गुणांचा. हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. शिवाय पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकलं म्हणून सगळं खोडणाऱ्या मुलाला, तपासणारा खोडलेल्या भागाला गुण देऊ शकत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं.

*

जेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांचा २०११ मधला प्रयोग ‘सायन्स’मध्ये आला होता : परीक्षेआधी १० मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्यांना, विशेषतः मुळातच घाबरट असलेल्यांना, अधिक गुण मिळाले. माझ्या वर्गात याने काही मुलांना मोकळं वाटलं, काहींनी ‘भीती नाही’ एवढंच लिहून पेन ठेवलं. सक्ती करण्यासारखा उपाय नव्हे.

*

त्यापेक्षा रोडिगर आणि कार्पिक यांचं २००६ चं काम शिक्षकाच्या जास्त उपयोगाचं. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला येतंय असं वाटतं. पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतं. आमची मुलं गाईड वाचतात, चार रंगांनी अधोरेखित करतात, आणि पेपरात काही सुचलं नाही की आपल्यालाच ‘ढ’ म्हणतात. रोज ५ मिनिटं, वही बंद, काल काय झालं ते लिहा. गुण द्यायचे नाहीत, वहीत लाल पेन फिरवायचा नाही.

*

मुलांवरचा ताण पुष्कळदा आमच्याकडूनच येतो. फाटकावर १०० टक्के निकालाचा फ्लेक्स लागला की पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांना झोप नाही, मग विषयशिक्षकाला नाही, मग कच्च्या मुलाला नाही. नववीतच त्याच्या पालकांना ‘१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असं सुचवणाऱ्या शाळा आहेत. ती टक्केवारी कशी तयार होते ते सगळ्यांना ठाऊक असतं. अशा शाळेने ‘तणावमुक्त परीक्षा’ कार्यशाळा भरवू नये.

*

अध्ययन अक्षम मुलांना लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. पण प्रमाणपत्र वेळेत हवं. मूल ‘आळशी’ नाही हे आठवी-नववीत कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

*

रडणाऱ्या मुलीची मला फारशी काळजी वाटत नाही, तिच्याभोवती चार मैत्रिणी असतात. काळजी वाटते ती डबा न उघडणाऱ्याची, रोज पोट दुखतं म्हणणाऱ्याची, वह्या मित्राला देऊन टाकणाऱ्याची. ‘माझं काही खरं नाही’ हे कुणी हसत म्हणालं, तरी त्याच दिवशी बाजूला घेऊन बोलावं, सरळ विचारावं. मग त्याला एकटं सोडू नये, घरी कळवावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

*

‘पप्पा काहीच बोलत नाहीत’वाली चिठ्ठी कुणाची ते मी शोधलं नाही. पालकसभेत मात्र सगळ्याच वडिलांना सांगितलं : पेपर कसा गेला हे विचारण्याआधी जेवलीस का, विचारा. एक जण म्हणाले, ‘बाई, आम्हाला असलं बोलता येत नाही.’ मग केंद्रावर सोडायला तरी जा, म्हटलं. ते गेले.

*

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवायची नाहीत, हा नियम पहिल्या पेपरलाच मोडतो. आम्ही आता दोन शिक्षक तिथे उभे राहतो आणि मुलांना सरळ एसटी स्टँडकडे पिटाळतो.

*

निकालाच्या दुपारी पेढे घेऊन येणारे येतातच. न येणाऱ्यांना मी फोन करते. किती विषय राहिले? एक-दोनच असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. एखाद्या पेपरवर विश्वास बसत नसेल तर छायाप्रत मागवता येते. आणि जुलैचा फॉर्म आहेच, उद्या ११ वाजता ऑफिसात ये, आईला घेऊन आलास तरी चालेल.