खुनी कोण निघाला?

मध्यंतरी रात्री जागून मोबाइलवर ‘इन्स्पेक्टर मोर्स’ या जुन्या इंग्रजी मालिकेचा एक भाग पाहिला. 1993 सालचा, ‘ट्वायलाइट ऑफ द गॉड्स’ नावाचा. नाव वाग्नरच्या ऑपेरावरून घेतलेलं. ऑक्सफर्डमध्ये मानाची पदवी घ्यायला आलेली एक नामवंत ऑपेरा गायिका मिरवणुकीतून चाललेली असते. कुठूनतरी गोळी येते आणि ती कोसळते. गोळी कुणी झाडली, एवढाच प्रश्न मोर्सपुढे नसतो. नेम नक्की कुणावर होता, हेही त्याला शोधायचं असतं.

ऑपेरा म्हणजे गात गात केलेलं नाटक. मी तो कधी समोर बसून पाहिलेला नाही. पण गाणं, नाटक आणि खून एकत्र असलेला एक खेळ लहानपणी पाहिलाय. अर्धाच. त्यातला खुनी कोण होता, हे मला आजही माहीत नाही.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. चैत्रात यात्रा. यात्रेला तमाशा हवाच, आणि तमाशा ठरवायचा तर नारायणगावला जायचं. जुन्नर तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग याच गावाचं नाव लावायच्या. पाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाची पाटी, आत मॅनेजर आणि त्याची वही. गावोगावचे पंच येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. आमचे आजोबा यात्रा कमिटीत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. दरवर्षी फड ठरवायला तेच जायचे.

ते साल 2005. मी नववीत. लोडशेडिंगचे दिवस. ‘सीआयडी’ सुरू असताना शेवटच्या दहा मिनिटांत लाइट गेली की जीव खालीवर व्हायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत पहिला प्रश्न ठरलेला, खुनी कोण निघाला? ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता तो त्या दिवसापुरता राजा.

त्या वर्षी यात्रेला आलेल्या फडाकडे खुनाचा वग होता. गण झाला, गवळण झाली, बतावणीला लोक पोट धरून हसले. मग रंगबाजीत सिनेमाची गाणी सुरू झाली आणि आम्ही पोरं बांबूच्या कठड्यापर्यंत सरकलो. मध्यरात्रीच्या सुमाराला वग लागला. पाटलाचा धाकटा पोरगा विहिरीत मेलेला सापडतो. तपासाला फौजदार येतो. फौजदाराचं काम करणारा माणूस साठीचा असेल. त्याचा आवाज मात्र माइक नसता तरी नदीपलीकडे गेला असता असा. एकेकाला समोर बोलावून तो उलटतपासणी घेत होता, मधेच एखादी ओळ गाऊन टाकत होता, ढोलकी त्याला जागच्या जागी उत्तर देत होती.

आमच्यातल्या कुणीतरी शिट्टी मारली. “वग बंद! गाणी लावा!” मग सगळेच ओरडायला लागलो. मीही ओरडलो. खरं तर मला तो वग आवडायला लागला होता. पण सगळे ओरडत असताना गप्प बसायची हिंमत माझ्यात नव्हती. एक चप्पल स्टेजवर गेली. ती माझी नव्हती, हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलंय. फौजदार बोलता बोलता थांबला. टोपी काढून बगलेत धरली, आम्हाला हात जोडले आणि आत गेला. गाणी लागली.

सकाळी हजेरीच्या आधी तात्यांनी मला चहाची किटली घेऊन तमाशाच्या गाडीकडे पाठवलं. तो माणूस चाकाला टेकून बसला होता. कानामागे रंग तसाच राहिला होता. कपात चहा ओतताना मी विचारलं, “बाबा, खुनी कोण होता?”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तू बी होता ना रं ओरडणाऱ्यांत?”

मी मान खाली घातली.

“पुढच्या साली सांगतो,” तो म्हणाला. “तुमच्या गावानं वग हू दिला तर.”

पुढच्या साली कमिटीने ऑर्केस्ट्रा आणला.

पुढे एका रविवारी आजीसोबत टीव्हीवर ‘पिंजरा’ पाहिला. व्ही. शांतारामांचा, 1972 सालचा. तमाशाच्या जगातला खून म्हटलं की आपल्याकडे हाच सिनेमा. गाव समजतं गुरुजींचा खून झाला, गुरुजींचा पुतळा उभारतं. गुरुजी मात्र जिवंत असतात, तमाशाच्या फडात. शेवटी ते पकडले जातात ते गुरुजींचेच खुनी म्हणून! आजी दर वेळी म्हणायची, “त्या बाईनं मास्तर नासवला.” पूर्वी मलाही तसंच वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा माझं लक्ष कनातीतल्या माणसांकडे गेलं. पैसे देऊन बसलेल्या, शिट्ट्या मारणाऱ्या. त्यांचा जबाब कुणी घेत नाही.

विठाबाईंची ती गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असते. पोटुशी असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या, असं सांगतात. आपण ती अभिमानाने सांगतो. पण तेवढा वेळ कनातीत बसून पुढच्या गाण्याची वाट पाहणारे कोण होते? आपलेच आजे-पणजे असणार. 2002 च्या जानेवारीत विठाबाई गेल्या. चार वर्षांनी सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

वग कुणी मारला, असं विचारलं की उत्तरं तयार असतात. टीव्हीने, मोबाइलने, ऑर्केस्ट्राने, रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद करायच्या नियमाने. या सगळ्यांचा हात असेलही. पण त्या रात्री टीव्ही घरी होता आणि मोबाइल आमच्याकडे नव्हता. आमचा नेम फक्त मजेवर होता. गोळी त्या फौजदाराला लागली.

तात्या आता नाहीत. यंदा कमिटीत माझं नाव आहे. पाडव्याच्या आधी आम्ही चौघं नारायणगावला गेलो. एका राहुटीत मॅनेजरने वही उघडली. मी त्या जुन्या वगाची चौकशी केली. पण वगाचं नावच मला आठवेना. विहीर, पाटलाचा पोरगा, फौजदार एवढंच सांगता आलं. तो हसला. “असे लई वग होते साहेब. करणारी माणसं राहिली नाहीत.” मग पेन उचलून म्हणाला, “काय लिहू? नुसती गाणी की वग पण?”

“वग. पूर्ण.”

सोबतचे तिघं माझ्याकडे बघायला लागले. मॅनेजरने पेन तसंच धरून ठेवलं.

“पोरं बसतील का?”

मी म्हणालो, लिहा. मग सगळ्यांच्या आधी मी सही केली. यात्रेच्या रात्री पोरांच्या मधोमध जाऊन बसायचं ठरवलंय. कुणी ओरडलंच, तर या खेपेला निदान मी गप्प बसणार नाही.